पहाटे चारचा पांढरा पडदा

देवगड बंदरावर पहाटे चार वाजता फारसा उजेड नसतो. जेटीवरचे दोन-तीन दिवे, बोटींवरचे पिवळे बल्ब, आणि बर्फाची गाडी मागे येताना पडणारा हेडलाइटचा झोत, एवढंच. तिथल्या माणसांना तेवढं पुरतं. डोळे काळोखाला सरावले की पाटीतला बांगडा आजचा की कालचा, हेही त्याच उजेडात कळतं. माझे काका तिथे तीस वर्षं बसताहेत. दोन बोटी घरच्या, आणखी पाच-सहा बोटींची लिलावाची नोंद त्यांच्याकडे. पूर्वी लाल कापडी बांधणीची लांब वही होती, आता लॅपटॉप आहे आणि त्यावर मी लिहिलेला प्रोग्राम. त्याचं नावही आम्ही ‘वही’च ठेवलंय.

गेल्या मार्चमध्ये मी एका पहाटे त्यांच्याबरोबर बंदरावर गेले. कारण साधंच होतं, नवीन आवृत्ती टाकायची होती आणि ती खऱ्या कामात कशी चालते ते बघायचं होतं. काकांनी लॅपटॉप उघडला. विंडोज काळंभोर, टास्कबार काळा, फाइलींची खिडकी काळी. मग त्यांनी ‘वही’वर दोनदा टिचकी मारली आणि सगळी खोली पांढरी झाली. दारात उभ्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, हात आडवा धरला. काका डोळे मिटून बसले. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डाव्याचं व्हायचंय.

“गो बाय,” ते म्हणाले, “तुझी वही उघडली की डोळ्यांत बॅटरी मारल्यासारख्या वाटता. मगे पाच मिन्टां समोरचो माणूस दिसणा नाय. मी एकदा सांगलंय मा त्या कॉम्प्युटराक, काळो पडदो होयो म्हणान. तुझ्या वहीक परत कित्याक सांगाचा?”

मला त्या वाक्याचं उत्तर देता आलं नाही. चार वर्षं ते हा प्रोग्राम वापरत होते, रोज पहाटे, आणि एकदाही बोलले नव्हते. मी विचारलंही नव्हतं. मी तो पुण्यात, खिडकीपाशी, भर दुपारी लिहिला होता.

ही पोस्ट त्यानंतरच्या कामाची आहे. सिस्टमला माणसाने एकदा सांगितलेली आवड प्रोग्रामने कशी ऐकायची, याची. विषय छोटा वाटतो. डार्क मोड आहे का नाही, एवढं तर विचारायचं! मलाही तसंच वाटलं होतं आणि मी दोन दिवस धरले होते. जून आणि जुलैची मासेमारी बंदी त्यात गेली.

आधी ‘वही’ कुठे कुठे चालते ते सांगते, म्हणजे पुढची ओढाताण कळेल. काकांकडे विंडोज १०. आमचा हिशोब तपासणारे कणकवलीचे सीए मॅक वापरतात. चुलतभावाकडे जुना लॅपटॉप आहे, त्यावर फेडोरा, म्हणजे लिनक्स आणि नोम डेस्कटॉप. हंगामात आंब्याच्या पेट्यांची नोंद तो त्यावर करतो. एकच प्रोग्राम तिन्हीकडे चालावा म्हणून मी २०२१ मध्ये पायथन ही भाषा आणि क्यूटी हा खिडक्या काढायचा तयार संच घेतला. बटणं, तक्ते, खिडक्या एकदाच लिहायच्या, तिन्हीकडे चालतात. पण तेव्हाच्या क्यूटीमध्ये ‘या यंत्रावर उजळ थीम आहे की गडद’ असं सरळ विचारायची सोय नव्हती. ती ६.५ या आवृत्तीत, २०२३ च्या एप्रिलमध्ये आली. त्याआधी ज्याला हवं त्याने आपलं आपण शोधायचं. मी शोधलं नव्हतं. पांढरी पार्श्वभूमी आणि काळी अक्षरं स्टाइलशीटमध्ये, म्हणजे रंगरूपाच्या यादीत, हाताने लिहून टाकली होती आणि ‘आता तिन्हीकडे सारखं दिसेल’ म्हणून समाधान मानलं होतं.

मार्चनंतर सगळ्यात आधी मी शोधायला बसले की हे उत्तर प्रत्येक सिस्टम ठेवते कुठे.

विंडोजमध्ये ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, असतं. चालू वापरकर्त्याच्या शाखेत थीम्स, त्याच्या आत पर्सनलाइझ, आणि तिथे ‘ॲप्स यूज लाइट थीम’ नावाची एक नोंद. १ असेल तर उजळ, ० असेल तर गडद. ही सोय विंडोज १० च्या २०१६ मधल्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून सेटिंग्जमध्ये आहे. शेजारीच ‘सिस्टम यूजेस लाइट थीम’ अशी दुसरी नोंद दिसते आणि घाईत तीच वाचली जाते. ती टास्कबार आणि स्टार्ट मेन्यूसाठी आहे. माणूस टास्कबार काळा आणि प्रोग्राम पांढरे असं ठेवू शकतो, पुष्कळजण ठेवतातही. म्हणून खिडकीसाठी पहिली नोंद वाचायची. पण घड्याळाजवळ कोपऱ्यात बसणारा आपला छोटा आयकन टास्कबारवर असतो, त्याच्यासाठी दुसरी. हे मी आयकन काळ्यावर काळा होऊन गायब झाल्यावर शिकले.

मॅकमध्ये डार्क मोड २०१८ च्या मोहावी या आवृत्तीपासून आहे. तिथे ‘ॲपल इंटरफेस स्टाइल’ नावाची नोंद असते, आणि गडद असेल तर तिच्यात ‘डार्क’ लिहिलेलं असतं. उजळ असेल तर? मला वाटलं ‘लाइट’ असेल. तसं नाही. उजळ असताना ती नोंदच नसते. वाचायला गेलं की ‘असं काही नाही’ म्हणून चूक परत येते, आणि ती चूक हेच उत्तर. माझ्या पहिल्या प्रयत्नात ती चूक मी सरळ पडद्यावर दाखवत होते. सीएंचा फोन आला की तुमचा प्रोग्राम उघडताना काहीतरी सापडत नाही म्हणतो, मी हिशोब तपासू की नको. बिचाऱ्यांनी अर्धा दिवस आमच्या फाइली पुन्हा मोजल्या.

लिनक्सची कथा लांब आहे आणि मला सगळ्यात जास्त तिच्याकडूनच शिकायला मिळालं. पूर्वी तिथे गडद थीम म्हणजे फक्त एक नाव असे. थीमच्या नावाच्या शेवटी ‘डार्क’ आहे का बघायचं आणि अंदाज बांधायचा. कुणी आपल्या काळ्या थीमला मध्यरात्र असं नाव दिलं की अंदाज चुकला. मग वेगवेगळ्या डेस्कटॉपांनी मिळून एक मार्ग ठरवला. डेस्कटॉप पोर्टल नावाची सेवा डी-बसवर, म्हणजे लिनक्समधले प्रोग्राम ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वाटेवर, असते, तिला ‘दिसण्याच्या’ गटातली ‘कलर-स्कीम’ विचारायची. ती एक आकडा देते. नोमने हे २०२२ च्या मार्चमध्ये, ४२ व्या आवृत्तीत आणलं. सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळ्या कुंपणात, चालणारे प्रोग्रामही ही सेवा वापरू शकतात, त्यांना बाहेरच्या फाइली उघडाव्या लागत नाहीत. म्हणून आता तिथे आधी पोर्टलचंच दार ठोठावायचं.

तो आकडा मात्र दोनांतला एक नसतो, तिनांतला असतो. १ म्हणजे गडद हवं. २ म्हणजे उजळ हवं. आणि ० म्हणजे काही सांगितलेलं नाही.

मी लिहिलं होतं, २ असेल तर उजळ, नाहीतर गडद. चुलतभावाने नवीन आवृत्ती टाकली आणि त्याची ‘वही’ काळी झाली. त्याच्या नोममध्ये सगळं उजळ होतं. तो म्हणाला, मी कधी काळं मागितलं? मी त्याच्या पडवीत बसून पोर्टलला विचारलं तर उत्तर ० आलं. नोममध्ये गडदचं बटण बंद असतं तेव्हा ते ‘उजळ हवं’ असं कळवत नाही, ‘काही म्हणणं नाही’ असं कळवतं.

हे ० माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. लिलावात जो बोली लावत नाही तो ‘मला नको’ म्हणत नसतो. तो नुसता उभा आहे. कदाचित सुरमईची पाटी यायची वाट बघत असेल. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लिलाव करणाऱ्याने आपल्या सोयीने लावायचा नसतो, आणि पाटी त्याच्या माथी तर मारायची नसतेच. मी तेच करत होते. आता माझ्या प्रोग्राममध्ये आवडीचं उत्तर नेहमी तीन प्रकारचं आहे: गडद, उजळ, माहीत नाही. ‘माहीत नाही’ला स्वतंत्र जागा आहे आणि तिथे काय करायचं ते मी एका ठिकाणी, उघड, लिहून ठेवलंय. मी तिथे उजळ धरते, कारण न सांगितलेल्या माणसाच्या बाकीच्या खिडक्या बहुधा उजळच असतात. दुसऱ्या कुणी गडद धरलं तरी चालेल, पण ते ठरवून केलेलं असावं. क्यूटीमध्येही हीच तीन उत्तरं आहेत, तिथे तिसऱ्याला ‘अननोन’ म्हणतात, आणि अनेकांच्या कोडमध्ये ते तिसरं उत्तर कुठेच हाताळलेलं नसतं असं मी पाहिलंय.

पोर्टलबाबत आणखी एक, कारण यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. जुन्या ‘रीड’ पद्धतीने विचारलं तर उत्तर दोन वेष्टनांत येतं. एक उघडलं की आत दुसरं, त्याच्या आत आकडा. मी एकच उघडत होते आणि आकड्याची तुलना वेष्टनाशी करत होते, म्हणून कधीच काही जुळत नव्हतं. नंतर ‘रीडवन’ नावाची नवी पद्धत आली, तिच्यात एकच वेष्टन आहे. मी आधी नवी विचारते, ती नसेल तर जुनी. दोन्ही नसतील, म्हणजे डी-बसच नसेल किंवा पोर्टल बसवलेलंच नसेल, तर शेवटचा उपाय: सिस्टमने आपल्याला दिलेल्या पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या संचात, अक्षरांचा रंग पार्श्वभूमीपेक्षा उजळ आहे का बघायचं. उजळ असेल तर थीम गडद आहे. अगदी साधी युक्ती, पण कुठल्याही नावावर अवलंबून नाही.

आवड कळली, आता रंगांकडे यायचं. खरं काम इथे होतं.

माझ्या स्टाइलशीटमध्ये एकूण त्रेसष्ट ठिकाणी रंग लिहिलेले निघाले. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या पावसात वीज गेलेली असताना, लॅपटॉपच्या बॅटरीवर मी ते एकेक करून कागदावर उतरवले. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी फक्त पार्श्वभूमी दिलेली होती, अक्षरांचा रंग नाही. काही ठिकाणी उलट. उजळ थीममध्ये हे कधीच कळत नाही, कारण न दिलेला रंग सिस्टमकडून येतो आणि तो काळाच असतो. गडद झाल्यावर सिस्टम पांढरी अक्षरं देते आणि माझी पार्श्वभूमी पांढरीच राहते. तक्त्यातल्या ‘डिझेल’च्या रकान्यात असंच झालं होतं. आकडे होते, दिसत नव्हते. काकांना वाटलं डिझेलची नोंदच पुसली गेली.

तेव्हापासून मी एक नियम पाळते आणि कुणी विचारलं तर तोच आधी सांगते. एखाद्या जागी रंग द्यायचा तर अक्षर आणि पार्श्वभूमी दोन्ही द्या. नाहीतर दोन्ही सिस्टमवर सोडा. त्रेसष्टपैकी अडतीस ठिकाणचे रंग मी सरळ काढून टाकले. ते मुळात कशासाठी दिले होते तेच आठवेना.

उरलेल्यांत खरे अर्थाचे रंग होते. ‘वही’त येणं हिरवं आणि उधारी लाल. काकांसाठी हा लाल महत्त्वाचा आहे, पहाटेच्या घाईत ते आकडे वाचत नाहीत, रंग बघतात. रंगाच्या तीन घटकांत सांगायचं तर माझा लाल होता लाल १९८, हिरवा ४०, निळा ४०. पांढऱ्यावर तो छान उठतो. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर मोजायचं सूत्र दिलंय, आणि नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ असावं असं म्हटलंय. पांढऱ्यावर माझा लाल ५.६ येतो. तोच लाल गडद राखाडीवर, म्हणजे तिन्ही घटक ३० असलेल्या रंगावर, मोजला तर जेमतेम ३. म्हणजे मी फक्त पार्श्वभूमी बदलून गडद थीम दिली असती तर नेमकी उधारीच सगळ्यात कमी दिसली असती. गडदसाठी मी फिकट लाल घेतला, २३९, १५४, १५४. त्याचं गुणोत्तर पावणेआठच्या जवळ जातं. काकांना दाखवला तर म्हणाले, ह्यो लाल नाय, उकडलेल्या कोलंबीसारखो दिसता, पण दिसता. मग मी प्रत्येक उधारीपुढे एक छोटा त्रिकोणही घातला, रंग ओळखता आला नाही तरी खूण राहावी म्हणून.

पार्श्वभूमी पूर्ण काळी का नाही घेतली, असं भावाने विचारलं. घेऊन बघितली होती. माझ्या चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर आहे. पूर्ण काळ्यावर पूर्ण पांढरी देवनागरी अक्षरं मला फुटल्यासारखी दिसतात, वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरात मिसळतात. राखाडी आणि किंचित मळकट पांढरा घेतल्यावर ते कमी झालं. काकांनाही राखाडीच बरी वाटली.

छपाईची गंमत नव्हे, तापच झाला. बोटीवाल्याला रोज पावती द्यावी लागते, बर्फ, डिझेल, शिधा वजा जाता किती. ती पावती मी स्वतः रंगवते आणि अक्षरांचा रंग पडद्याच्या पॅलेटमधून घेत होते. पडदा गडद, म्हणून अक्षरं पांढरी, कागदही पांढरा. पहिल्या दिवशी सात कोऱ्या पावत्या निघाल्या आणि काकांनी प्रिंटरची शाई बदलली. आता छपाईचे रंग वेगळे आहेत, पडद्याच्या पॅलेटकडे न बघणारे: कागद पांढरा, अक्षर काळं, थीम काहीही असो.

विंडोज १० वर एक अडथळा आला जो मला अपेक्षित नव्हता. क्यूटी ६.५ वर गेले, आवड बरोबर वाचली जात होती, तरी खिडकीचा आतला भाग पांढराच. कारण तिथे क्यूटी जी शैली आपोआप घेतं, ‘विंडोजव्हिस्टा’ नावाची, ती सिस्टमकडून बटणांची चित्रं उसनी घेते आणि त्या चित्रांची गडद आवृत्तीच नाही. ‘फ्यूजन’ ही शैली सगळं स्वतः काढते, ती लावल्यावर खिडकी गडद झाली, वरची शीर्षकपट्टीही. बटणं थोडी परकी दिसतात. मी ते चालवून घेतलं. ज्यांना क्यूटी नाही, स्वतःच खिडकी काढायची आहे, त्यांना शीर्षकपट्टीसाठी विंडोजला वेगळं सांगावं लागतं, नाहीतर काळ्या खिडकीवर पांढरी पट्टी राहते, गोधडीला भलतंच ठिगळ लावल्यासारखी.

पसंतीचा रंग, ज्याला ॲक्सेंट म्हणतात, त्याचं थोडक्यात सांगते. काकांनी विंडोजमध्ये लाल निवडला होता, घरच्या बोटीच्या पट्ट्यासारखा. मी तो रजिस्ट्रीतून वाचला आणि निवडलेली ओळ ‘वही’त निळी आली. त्या नोंदीत घटकांचा क्रम उलटा असतो, आधी पारदर्शकता, मग निळा, हिरवा, आणि शेवटी लाल. लाल आणि निळ्याची अदलाबदल केली की झालं. लिनक्सच्या पोर्टलमध्ये हाच रंग ० ते १ मधल्या तीन दशांश संख्यांनी येतो, आणि संख्या त्या मर्यादेबाहेर असेल तर रंग ठरवलेलाच नाही असं समजायचं. इथेही पुन्हा ते ‘काही म्हणणं नाही’. नोमने ॲक्सेंट रंग २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, ४७ व्या आवृत्तीत आणले.

आता वेळेबद्दल. आवड सुरुवातीला एकदा वाचून भागत नाही. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीपासून ‘आपोआप’ असा पर्याय आहे, दिवसा उजळ, रात्री गडद. सीए ‘वही’ सकाळी उघडतात आणि दिवसभर उघडीच ठेवतात. संध्याकाळी त्यांचा मॅक गडद झाला की अर्धी खिडकी बदलायची, अर्धी नाही. अक्षरं पांढरी झालेली, पण आयकन मी सुरुवातीलाच रंगवून ठेवलेले, ते काळेच. प्रत्येक सिस्टम बदलाची वर्दी देते. विंडोज सगळ्या खिडक्यांना ‘सेटिंग बदललं’ असा संदेश पाठवते, पोर्टल सिग्नल देतं, मॅकचीही सूचना असते, आणि क्यूटी या सगळ्यांचा मिळून एकच सिग्नल आपल्याला देतं. पण एका बदलाला एकच वर्दी येईल असं धरू नये. विंडोजवर मला एकाच बदलाला तीन-चार वेळा संदेश आले आणि ‘वही’ तितक्यांदा लुकलुकली. आता पहिली वर्दी आली की मी १५० मिलिसेकंद थांबते, मग एकदाच वाचते, आणि खरंच बदललं असेल तरच रंगवते.

सुरुवातीचा पांढरा झोत, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं, तो पूर्ण जायला मात्र जुलै उजाडला. थीम गडद झाली तरी उघडताना क्षणभर पांढरं चमकायचंच. मी खिडकी आधी दाखवत होते आणि रंग नंतर लावत होते. पुण्यातल्या दुपारी तो क्षण कुणाच्या लक्षात आला नसता. मी घरातले सगळे दिवे घालवून, दारं-खिडक्या लावून, काळोखात दहा मिनिटं बसायचे आणि मग ‘वही’ उघडायचे. तसं केल्यावरच तो दिसला. आधी आवड वाचायची, पॅलेट लावायची, डेटाबेस नंतर उघडायचा, आणि सगळ्यात शेवटी खिडकी दाखवायची, असा क्रम लावल्यावर गेला.

माणसाला स्वतःहून बदलायची मोकळीकही हवी, कारण सिस्टमला सांगितलेलं प्रत्येक जागी लागू होतंच असं नाही. काका दुपारी लॅपटॉप जेटीवर नेतात. तिथे वरून ऊन, खालून पाण्याची चकाकी, आणि गडद पडद्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. तेव्हा त्यांना उजळच लागतं. म्हणून सेटिंगमध्ये तीन पर्याय ठेवले: सिस्टमप्रमाणे, उजळ, गडद. मूळ निवड सिस्टमप्रमाणे. यातही मी एक चूक केली होती जी शोधायला वेळ लागला. पहिल्यांदा उघडल्यावर प्रोग्राम सिस्टमची आवड वाचायचा आणि फाइलीत ‘गडद’ असं लिहून ठेवायचा. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तो सिस्टमला विचारतच नव्हता, पहिल्या दिवसाचं उत्तर उगाळत होता. फाइलीत माणसाने काय निवडलं ते लिहायचं, म्हणजे ‘सिस्टमप्रमाणे’ हेच शब्द. त्याचा आजचा अर्थ प्रत्येक वेळी नव्याने काढायचा. क्यूटी ६.८ मध्ये उजळ किंवा गडद जबरदस्तीने लावायची आणि परत सिस्टमवर सोडून द्यायची सोयही आहे, त्यामुळे माझं बरंच कोड उडालं.

शेवटी राहिली आमची आत्या. ती शाळेतून निवृत्त झालीय, भिशीचा हिशोब ‘वही’त ठेवते आणि विंडोजची ठळक काँट्रास्टची थीम वापरते, काळ्यावर पिवळी अक्षरं. तिच्याकडे माझे सुंदर निवडलेले राखाडी आणि कोलंबीसारखे लाल हे निव्वळ अडथळे. तिने तिच्या नजरेला जे दिसतं तेच सिस्टमला सांगितलंय. म्हणून ठळक काँट्रास्ट चालू आहे का हे मी आता सगळ्यांच्या आधी विचारते, आणि चालू असेल तर माझा एकही रंग लावत नाही, फक्त तो त्रिकोण राहतो. डार्क मोड ही बऱ्याच जणांची आवड असते, पण आत्याची ती गरज आहे. तिचं मशीन मी सगळ्यात शेवटी तपासलं याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या वेळी पहिलं तिचं.

नारळी पौर्णिमा झाली आणि बोटी सुटल्या. त्या आठवड्यात मी पुन्हा पहाटे बंदरावर गेले. काकांनी ‘वही’ उघडली, आधी बर्फाच्या लाद्या लिहिल्या, मग डिझेल. रकान्यात आकडे दिसत होते. तांडेल दारातच उभा होता आणि आत बघत होता. दुपारी जेटीवरून काकांचा फोन आला, उन्हात उजळ करायला तीन ठिकाणी टिचक्या माराव्या लागतात, एका बटणात होईल का म्हणून. एफ ९ मोकळं होतं, ते दिलं. आता एफ ९ दाबलं की फक्त त्या दिवसापुरतं उलटतं आणि दुसऱ्या पहाटे ‘वही’ पुन्हा विंडोजलाच विचारते.